टाळ वाजत राहिला तर

उभ्या कीर्तनात बुवांना कोणी प्रश्न विचारीत नाही. बुवा बोलतात, टाळकरी साथ करतात, श्रोते माना डोलावतात आणि शेवटी पाया पडून आपापल्या घरी जातात. चाळीस वर्षे अशी गेली म्हणजे आपण बोलतो ते सारे बरोबरच असते, असे माणसाला वाटू लागते. आम्हांसही वाटत होते. म्हणून गेल्या कार्तिकात जे घडले तेथूनच आरंभ करतो.

सप्ताहानिमित्त एका गावी मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील हायस्कूलचे मुख्याध्यापक बिऱ्हाडी आले. म्हणाले, "महाराज, आमच्या मुलांना चार शब्द सांगा. शिस्त म्हणून राहिली नाही. पूर्वी मास्तर समोरून आले की पोरं बोळात शिरायची, आता पोरं समोरून आली की मास्तर बोळात शिरतो. छडीला हात लावायची सोय नाही. गुरुभक्तीवर बोला, म्हणजे जरा वचक बसेल."

आम्ही गेलो. मुले मैदानात रांगा धरून बसली होती, माशी उडाली तरी ऐकू यावी इतकी शांत. धौम्य ऋषींचा शिष्य आरुणी शेताच्या बांधाला आडवा पडला ती कथा सांगितली, मग एकलव्याची. अंगठ्याचा प्रसंग रंगला. मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले. आता जयघोष करावा, इतक्यात मुलींच्या रांगेतून एक हात वर आला. सातवी-आठवीतली मुलगी असेल. म्हणाली, "महाराज, एकलव्याने अंगठा द्यायला नाही म्हटलं असतं, तर तो वाईट विद्यार्थी झाला असता का?"

एका शिक्षकांनी तिला हाताने खाली बसवले. मुख्याध्यापक आमच्याकडे वळून "क्षमा करा" म्हणाले. आम्ही हसून "मोठी झालीस की कळेल" असे काहीसे बोललो आणि जयघोष करून उतरलो. त्या मुलीला आम्ही उत्तर दिले नाही, कारण आमच्याजवळ ते नव्हते. पुढे लिहिले आहे ते एका अर्थी तिला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम शिस्त या शब्दाविषयी. संस्कृत पढलेल्या माणसाला एक खोड असते. दिसेल त्या शब्दाचा तो धातू शोधतो. शिस्त म्हणजे 'शास्' धातूपासून आलेली, शिष्य आणि शास्त्र यांची बहीण, असे आम्ही कित्येक वर्षे कीर्तनातून ठोकून देत होतो. पुढे मोल्सवर्थचा कोश चाळताना कळले की शब्द फारसी आहे आणि त्याचा अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. आमची फजिती झाली खरी, पण शब्द हाती लागला. ज्याचा नेम धरलेला आहे तो शिस्तीत आहे. नुसता गप्प बसलेला शिस्तीत असेलच असे नाही, तो घाबरलेलाही असेल. एकलव्यापाशी नेम होता. अंगठा गेला आणि नेम गेला. द्रोणांच्या त्या मागणीला महाभारतकार 'दारुण' असे विशेषण लावतात. आम्ही कीर्तनकार ते विशेषण गाळतो आणि कथा सांगतो.

आता छडी. जुन्या पिढीतले लोक, आणि आम्ही त्यांतलेच, लगेच शास्त्र पुढे करतात. तर शास्त्रच पाहू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चुकलेल्या शिष्याला दोरीने किंवा वेळूच्या चिंबोळीने मारण्यास मोकळीक आहे, हे खरे. पण तेही पाठीवरच, डोक्यावर कधीही नाही. याविरुद्ध मारणाऱ्याला चोराचे पाप लागते असे तेथेच म्हटले आहे. त्याच मनूने दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवले आहे की प्राण्यांना कल्याणाची शिकवण द्यावयाची ती हिंसेवाचूनच द्यावी आणि वाणी मधुर असावी. मनूहूनही जुने मानले जाणारे गौतमाचे धर्मसूत्र अधिक स्पष्ट बोलते. शिष्याला वळण लावावे ते मारल्याशिवाय. अगदीच जमत नसेल तर बारीक दोरी किंवा बारीक वेळूची काडी. आणि दुसऱ्या कशानेही मारले तर राजाने त्या गुरूला दंड करावा. वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. 'हात उचलायची सोय राहिली नाही' म्हणून आपण दिल्लीच्या कायद्याला नावे ठेवतो. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. पण गुरूला शासन करणारा राजा गौतमाने कितीतरी आधी दारात आणून उभा केला होता. आपस्तंबाने मारण्याऐवजी दुसरे उपाय सांगितले आहेत, धाक घालणे, उपाशी ठेवणे, थंड पाण्याने आंघोळ, नजरेआड करणे. त्यांतले उपाशी ठेवणे आम्हांस पटत नाही. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणायचे आणि पोराचे ताट काढून घ्यायचे, हे दोन्ही एका तोंडाने होत नाही.

आमच्याही हातावर छडी पडली आहे. पाठशाळेत लघुकौमुदीचे सूत्र चुकले की रूळ बसे. महाभाष्यात पतंजलींनी गुरूच्या मारणाऱ्या हाताला अमृताची उपमा दिली आहे, ती आमचे गुरुजी मोठ्या कौतुकाने सांगत. आज त्यांची आठवण झाली की डोळे भरतात. पण आठवतो तो रूळ नव्हे. पहाटे चार वाजता कंदील लावून गुरुजी आमच्याबरोबर बसत, आमचा आवाज बसला की स्वतः दूध तापवून देत, ते आठवते. सूत्रे पाठ झाली ती रुळामुळे की पहाटेच्या त्या बसण्यामुळे, हा प्रश्न आम्ही पन्नास वर्षे स्वतःला विचारला नाही. आणि आमच्या वर्गातले दोघे रुळाला भिऊन पळून गेले, त्यांच्याविषयी तर कोणीच काही विचारले नाही. मार खाऊन जे शिकले तेच 'मारामुळे शिकलो' असे सांगायला उरतात. जे पळाले ते सांगायला येत नाहीत.

असो. मास्तरांच्या छडीचा निकाल कायद्याने लावला आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. आम्हांस खरी टोचणी आहे ती दुसऱ्या छळाची. मुलांनी मुलांच्या केलेल्या. आणि ते पाहून मोठी माणसे काय बोलतात, त्याची.

येथे आम्हांस आमचीच गोष्ट सांगितली पाहिजे. १९९८ सालचा चातुर्मास. एका ठिकाणी मुलांनी राहून गायन, पखवाज आणि पाठांतर शिकावे अशी सोय होती, तेथे आम्ही ज्ञानेश्वरीचा पाठ देण्यास जात असू. अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा होता. बोलताना अडखळायचा, पण पखवाजावर हात पडला की अडखळणे कुठल्या कुठे जाई. एके दिवशी हरिपाठ झाल्यावर तो आमच्या मागे मागे आला. मोठी मुले त्याच्याकडून कपडे धुऊन घेत. आईने पाठवलेला लाडवांचा डबा त्याच्यापर्यंत पोचत नसे. त्याच्या अडखळण्याची नक्कल करून सर्वांनी त्याला एक नाव पाडले होते, आणि रात्री दिवा मालवला की अंगावर गोधडी टाकून त्याला मारीत. कोण मारतो ते दिसू नये म्हणून गोधडी. हे सांगायला त्याला फार वेळ लागला, एक तर जीभ अडखळे आणि दुसरे, रडू येई.

आम्ही काय केले? आम्ही त्याला नाथमहाराजांची कथा सांगितली. गोदावरीवरून स्नान करून येताना एक मनुष्य नाथांवर पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ पुनःपुन्हा शांतपणे स्नानाला गेले, ती. पाठीवर हात ठेवून म्हटले, "बाळा, सोसावं. सोसणाऱ्याचं देव पाहतो. आणि मोठ्या मुलांची अशी चहाडी करू नये." त्याने वाकून नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो जागेवर नव्हता. दोन दिवसांनी मावशीच्या गावी सापडला. चाळीस कोसांची वाट त्याने कशी काढली देव जाणे. पखवाज त्याने मागे ठेवला होता, तो घ्यायलाही कोणी आले नाही.

त्या वेळी आम्हांस आपले काही चुकले असे वाटले नाही. 'मुलगा हळवा निघाला' असे आम्ही म्हटल्याचे आठवते.

नाथांची ती कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. पण ती आम्ही उलट्या बाजूने धरली होती. नाथ घरंदाज, प्रौढ, पैठणात ज्यांच्या शब्दाला वजन होते असे गृहस्थ. त्यांना त्या मनुष्याला अडवता आले असते. अडवता येत असून त्यांनी अडवले नाही, म्हणून ती क्षमा. घाटावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणी 'नाथबाबा, जाऊ द्या, सोसा' असे म्हटले असते, तर ती क्षमा झाली नसती, तो भेकडपणा झाला असता, आणि तोही सांगणाऱ्याचा. ज्याच्या अंगावर थुंकी पडली त्यानेच क्षमा करावयाची असते. बाजूला कोरड्या अंगाने उभा असलेला माणूस दुसऱ्याच्या वतीने उदार होतो, त्यात त्याच्या पदरचे काय जाते? आणि ज्या पोराला हात वर करता येत नाही, धड बोलताही येत नाही, त्याचे सोसणे ही सहनशीलता नव्हे. ती लाचारी आहे. तिला संतांच्या गुणाचे नाव देऊन आम्ही संतांनाही त्या गोधडीखाली ओढले.

आता कोणी अभ्यासू वारकरी शंका घेईल, आणि ती योग्य शंका आहे. मुक्ताबाईंनी काय केले? लोकांनी टोचून बोलल्यावर ज्ञानेश्वरमहाराज झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभे राहून मुक्ताबाईंनी त्यांना सोसण्याचाच उपदेश केला ना? ताटीचे अभंग म्हणजे दुसरे काय?

आम्ही या शंकेपाशी पुष्कळ दिवस अडलो. मग ध्यानात आले ते असे. मुक्ताबाई कोरड्या अंगाच्या नव्हत्या. संन्याशाची पोर म्हणून जो चिखल ज्ञानदेवांवर उडाला तोच त्या लहानगीवरही उडाला होता. त्यांनी जे सांगितले ते घरातल्याने घरातल्याला, बरोबरीने भोगणाऱ्याने भोगणाऱ्याला सांगितले. आळंदीच्या ज्या पुढाऱ्यांनी ती पोरे वाळीत टाकली होती त्यांच्यापैकी कोणी ताटीपाशी येऊन 'ज्ञानोबा, शांती धर' असे म्हटले असते, तर आपण त्याला काय म्हणालो असतो? आणि दुसरे, मुक्ताबाईंनी ताटी उघडायला सांगितले. आत बसून गुदमरू नकोस, बाहेर ये. आम्ही त्या मुलाला नेमके उलट सांगितले होते. आत बस आणि बोलू नकोस.

गोरोबाकाकांचेही उदाहरण लोक देतात. थापटण्याने त्यांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवमहाराज कुरकुरले म्हणून कच्चे ठरले, तेव्हा तक्रार करणारा कच्चाच, असा त्याचा अर्थ काढतात. कथा पुरी करीत नाहीत. नामदेव रडत पंढरीला गेले आणि देवाजवळ गाऱ्हाणे मांडले. देवाने त्यांना दारातून परत पाठवले नाही. सगळे ऐकून घेतले, मग कमी काय आहे ते सांगितले आणि विसोबा खेचरांकडे धाडले. आधी ऐकणे, मग उपदेश. शाळांतून आणि मठांतून आपण बहुधा पहिली पायरी गाळूनच दुसरीवर चढतो.

चेष्टा कोणती आणि छळ कोणता, असे शिक्षक विचारतात. मुलांनी थट्टामस्करी करू नये की काय? अवश्य करावी. दिंडीतही चालताना एकमेकांची कमी थट्टा होत नाही. चेष्टेत दोघे हसतात, छळात एकच हसतो. चेष्टा उलटवता येते, छळ उलटवला तर दुप्पट मार बसतो. आणि मोठे माणूस आले की चेष्टा चालू राहते, छळ थांबतो. एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आता मोबाइल आल्याने त्यात एक भर पडली आहे. पूर्वी शाळा सुटली की मुलाची सुटका होई. आता त्याचे वेडेवाकडे चित्र काढून शंभर मुलांत फिरवतात, आणि पोरगे घरी आईशेजारी जेवायला बसले असले तरी तिथे त्याच्या खिशात छळ वाजत असतो.

शाळेत तक्रारपेटी आहे, असे त्या मुख्याध्यापकांनी आम्हांस दाखवले होते. महाराष्ट्रात २०२२ साली शाळाशाळांतून 'सखी सावित्री' समित्या नेमण्याचा शासननिर्णयही झाला. या गोष्टी चांगल्या आहेत. पण पेटीला लावलेले कुलूप गंजले होते, आणि पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारालाच ठोकलेली. चिठ्ठी टाकणारा कोण हे सगळ्या शाळेला दिसावे अशी व्यवस्था. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. भिंतीला खिळा तिथेच होता, एवढेच.

आपल्या संप्रदायाला याहून चांगली पेटी ठाऊक आहे, आणि ती वारीत रोज उघडते. माउलींच्या पालखीबरोबर जे चालले आहेत त्यांना सांगायला नको, इतरांसाठी लिहितो. मुक्कामाच्या गावी संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या असतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानठळ्या बसतात. चोपदार हातातला दंड उंच करून पुकारा करतात, आणि क्षणात सारे शांत. ही शिस्त पाहायला परदेशातून माणसे येतात. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी घडी घालून दिली ती आजही मोडलेली नाही, आणि त्यात छडी कोठे नाही. चोपदारांचा दंड कोणाच्या पाठीवर पडल्याचे आम्ही पाहिले नाही.

पण गंमत पुढे आहे. सगळे टाळ थांबले तरी ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचा टाळ वाजतच राहतो. त्या शांततेत तो एकटा टाळ तळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जातो. मग चोपदार तिकडे जातात, काय झाले ते विचारतात, आणि गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. लाखो माणसे उभी आहेत, पाय दुखताहेत, पोटात भूक आहे, आणि एका दिंडीसाठी सगळे थांबलेले. त्या टाळकऱ्याला कोणी बेशिस्त म्हणत नाही. त्याचा टाळ हा शिस्तीचाच भाग आहे. बाकीच्यांनी शांत व्हायचे ते कशासाठी? तो ऐकू यावा म्हणून.

त्या मैदानावर माशी उडाल्याचेही ऐकू येत होते, आणि एक मुलगी बोलली तर तिला खाली बसवले. तिचा टाळ वाजला होता. चोपदार म्हणून आम्ही उभे होतो, आणि आम्हीच जयघोष करून तो दाबला.

संस्था चालवणारे सज्जन म्हणतील, "महाराज, तुम्ही बोलून जाल. उद्या कोणीही उठून खोटी तक्रार करील, संस्थेचे नाव जाईल." खोटी तक्रार होऊ शकते, हे मान्य. वारीतही एखादी दिंडी उगाच टाळ वाजवते. चोपदार जाऊन पाहतात, तेव्हाच ती उगाच आहे हे कळते. न ऐकता कळत नाही. आणि नावाचे म्हणाल तर, बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये काय झाले? चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला आणि गुन्हा नोंदवून घेण्यासाठी आईबापांना तासन्‌तास ताटकळावे लागले. मग लोक रेल्वेच्या रुळावर उतरले आणि उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. नाव राखण्यासाठी दाबलेली गोष्ट शेवटी नावासकट बाहेर येते.

कायदा येथे आमच्यासारख्यांना काय म्हणतो, ते आपल्या मंडळींना नीट ठाऊक नसते, म्हणून सांगतो. वर सांगितलेला २००९ चा कायदा वेदपाठशाळा, मदरसे आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांना लागू नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने ठरले. आपल्यातील काहींना हे ऐकून हायसे वाटते. वाटू नये. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा सर्वांना लागू आहे. असे काही घडले आहे हे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हाही गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. ज्याच्या हवाली मूल आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा त्याची हेळसांड केली तर २०१५ च्या बालन्याय कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि मोठ्या मुलांनी लहानांना छळण्याबाबत, म्हणजे ज्याला रॅगिंग म्हणतात त्याबाबत, महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, वसतिगृहेही त्यात येतात. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्रमुखाने चौकशी करावी, आणि त्याने कानाडोळा केला तर तो त्या छळाला साहाय्य करणारा समजावा, असे त्यात आहे.

साहाय्य करणारा. हा शब्द आम्ही प्रथम वाचला तेव्हा १९९८ चा तो हरिपाठ आठवला. कायदा पुढच्या वर्षीचा. पण धर्म काही पुढच्या वर्षी सुरू झाला नव्हता.

छळणाऱ्या मुलांचे काय करावे, यावर शिक्षकांत दोन तट दिसतात. एक म्हणतो काढून टाका, दुसरा म्हणतो दोघांचे हात हातात देऊन मिटवून टाका. पहिल्याने ते पोर दुसऱ्या शाळेत जाऊन तेच करते. दुसरा उपाय तर आम्हांस अधिक वाईट वाटतो. रात्री मार खाल्लेल्या मुलाला सकाळी मारणाऱ्याचा हात हातात घ्यायला लावणे म्हणजे आणखी एक मार, तोही गुरुजींच्या देखत. विसोबा चाटींची कथा आठवा. या भावंडांना मांडे भाजायला खापरसुद्धा मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारांना तंबी दिली होती. पुढे तेच विसोबा खेचर झाले, नामदेवांचे गुरू झाले. म्हणजे छळणारा वाया गेलेला नसतो. पण मध्ये काय घडले? विसोबांनी आपण काय केले ते उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि ते स्वतः शरण गेले. मुक्ताबाईंना कोणी 'विसोबांना क्षमा कर' असे सांगायला गेले नव्हते. छळणाऱ्या मुलाजवळ बसावे, वेळ द्यावा, त्याच्यावर पूर्वी कोणी गोधडी टाकली होती काय तेही विचारावे. बहुधा टाकलेली असते. पण तोवर लहान मुलाला त्याच्या हाती पुन्हा देऊ नये. दोघांची झोपण्याची जागा वेगळी करावी, आणि जागा बदलावी ती मारणाऱ्याची. मार खाल्लेल्या मुलालाच हलवले, तर चूक त्याचीच होती असे तो समजतो.

आपण एकमेकांच्या पाया पडतो. सत्तर वर्षांचा माळकरी दहा वर्षांच्या माळकऱ्याच्या पाया पडतो, हे पाहून परक्या माणसाला नवल वाटते. मग घरी, शाळेत, मठात गेल्यावर ते वाकणे एकाच बाजूचे कसे उरते? मुलाने वाकावे, मोठ्याने ताठ राहावे, आणि वाकलेल्या मुलाने वर पाहून काही सांगितले की तो उद्धट. एकलव्य वाईट विद्यार्थी झाला असता काय? नाही, बाळ. नाही म्हटले असते तरी तो चांगला विद्यार्थीच राहिला असता. प्रश्न द्रोणांना विचारायला हवा होता, आणि ज्या दिवशी तू तो आम्हांला विचारलास त्या दिवशी तूही चांगली विद्यार्थिनीच होतीस.

गेल्या आषाढीच्या वाटेवर नातेपुत्याच्या तळावर समाजआरतीला उभे होतो. त्या दिवशी एक टाळ वाजत राहिला. पाण्याचा टँकर आला नव्हता म्हणून एका दिंडीची तक्रार होती. ती मिटली, आरती झाली, आणि गर्दीतून चाळिशीकडे झुकलेला एक गृहस्थ पाया पडला. रीतीप्रमाणे आम्हीही त्याच्या पाया पडलो. "महाराज, ओळखलंत का?" म्हणाला. 'महाराज' म्हणताना तो अडखळला आणि आम्ही ओळखले. आम्हांस खूप काही बोलायचे होते. एवढेच बोललो, "तेव्हा आमचं चुकलं." त्यावर तो काही बोलला नाही. हो म्हणाला नाही, असू द्या असेही म्हणाला नाही, आणि तो त्याचा अधिकार होता.

मग म्हणाला, "माझा पोरगा दहा वर्षांचा आहे. त्याला पखवाजाचा फार नाद. तुमच्या ओळखीत राहून शिकायची सोय आहे म्हणतात. मला एकच विचारायचंय. मुलं रात्री झोपतात तिथं मोठं माणूस कोण असतं?"

त्या ठिकाणी आमची दहा-बारा कीर्तने झाली असतील, पंगतीला जेवलो आहोत, मुलांचे पाठांतर ऐकून शाबासकी दिली आहे. या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. "पाहून सांगतो" म्हटले. द्वादशीचे पारणे सोडून आम्ही घरी न जाता थेट तिकडे गेलो. माडीवर एक लांब खोली, ओळीने बत्तीस अंथरुणे, दाराला आतून कडी. व्यवस्थापक अंगणापलीकडच्या इमारतीत झोपतात, गृहस्थ सज्जन आहेत, त्यांना कानाने जरा कमी ऐकू येते. आम्ही त्यांना सगळे समजावून सांगितले, आणि ती व्यवस्था होईपर्यंत दाराजवळ आमची वळकटी टाकली. सकाळी त्या गृहस्थाला फोन केला. "अजून पाठवू नकोस," म्हटले. "महिन्याने पुन्हा विचार."